मोठा घडीचा चाकू: आठ आठवड्यांच्या नोंदी

आठवडा १

स्वसंरक्षणासाठी एक मोठा घडीचा चाकू निवडायचा, हे ठरवून बरेच दिवस नुसतं वाचत होतो. वाचताना सगळं लक्ष पात्यावर: पोलाद कुठलं, कडकपणा किती, टोक कसं. या आठवड्यात पहिल्यांदा चार चाकू एका टेबलावर मांडले. दोन माझे, दोन मित्राकडून आणलेले. चारही एकामागून एक मुठीत धरून पाहिले आणि आधीची सगळी टिपणं बाजूला ठेवली. पात्यांमध्ये फरक होता, पण तो हाताला जाणवत नव्हता. मुठींमधला फरक मात्र डोळे मिटूनही कळत होता.

घडीच्या चाकूचं पातं मुठीतच मावावं लागतं, म्हणून मूठ पात्यापेक्षा लांब असते. तीन इंची पात्याची मूठ साधारण चार इंचांची. माझा हात मोठा आहे, त्यामुळे करंगळी अर्धी बाहेर राहते. पातं चार इंच, म्हणजे दहा सेंटिमीटर झालं की मूठ पाच इंचांवर जाते आणि चारही बोटं पूर्ण बसतात. करंगळी आणि अनामिका आवळल्या तरच चाकू हातात फिरत नाही. मला मोठा चाकू हवा आहे तो या एका इंच मुठीसाठी.

आणखी दोन गोष्टी याच वहीत लिहून ठेवल्या आहेत. पहिली: कायदा आधी वाचायचा, मग चाकू. ब्रिटनमध्ये सबळ कारण नसताना फक्त तीन इंचांपर्यंतच्या धारेचा, लॉक (उघडलेलं पातं मिटू नये म्हणून अडकवून धरणारी यंत्रणा) नसलेला घडीचा चाकू जवळ बाळगता येतो. म्हणजे मी इथे ज्यांचा विचार करतोय त्यातला एकही तिथे खिशात ठेवून बाहेर पडता येणार नाही. प्रत्येक देशाचा, कधी प्रत्येक शहराचा नियम निराळा असतो. दुसरी: पळून जाता येत असेल तर पळायचं. चाकू खिशातून काढून, उघडून, नीट धरेपर्यंत जो वेळ जातो त्यात दहा पावलं लांब जाता येतं. हा चाकू शेवटच्या, दुसरा काहीच मार्ग न उरलेल्या क्षणासाठी आहे, आणि नेमक्या त्याच क्षणी हात घामाने ओला आणि थरथरता असणार. म्हणून मुठीची परीक्षा कोरड्या, शांत हाताने घेण्यात अर्थ नाही.

आठवडा २ आणि ३

परीक्षेची मांडणी साधी ठेवली. धारदार चाकू कोणाच्याही ओढाताणीत वापरायचा नाही, हा पहिला नियम. त्यामुळे सगळं काम ट्रेनरवर, म्हणजे त्याच मापाच्या पण बोथट पात्याच्या आणि गोल टोकाच्या सरावाच्या चाकूवर. त्याला आलटून पालटून वेगवेगळ्या पदार्थांच्या स्केल्स (मुठीच्या दोन बाजूंच्या पट्ट्या) लावल्या. पात्याच्या भोकातून दोरी ओवली, दोरीला ताणकाटा बांधला. मी मूठ आवळून धरायची, बहिणीने काटा सावकाश ओढायचा. आधी कोरडा हात, मग पाण्याने ओला, मग साबण, शेवटी खाण्याचं तेल.

पहिली फेरी गुळगुळीत अॅल्युमिनियमची. कोरड्या हातात उत्तम. साबण लावल्यावर काटा जेमतेम हलला आणि बहीण म्हणाली, "दादा, धरलास ना?" मी धरलाच होता. मूठ बोटांमधून सरकून गेली आणि मला ती सुटल्याचं नंतर कळलं. ते मला फार लागलं. धातू सरकतो हे वाचलेलं होतं, पण सरकताना तो हाताला आधी काहीच सांगत नाही, हे वाचून कळत नाही.

आता एकेक पदार्थ.

जी-टेन: काचतंतूंचं कापड इपॉक्सी राळेत भिजवून, थरावर थर रचून, उष्णता आणि प्रचंड दाबाखाली बनवलेली फळी. पाणी पीत नाही, फुगत नाही, उन्हात फार तापत नाही आणि थंडीत बोटं गोठवत नाही. खडबडीत कापलेलं असेल तर ओल्या हातातही कानशीसारखं धरून ठेवतं. तेलाच्या फेरीत सगळ्यात शेवटी हार मानली ती यानेच. दोष एकच, खिसा खातं. चाकू खिशाच्या कडेला अडकवायच्या क्लिपखालचा खडबडीतपणा प्रत्येक वेळी कापडावर घासतो आणि महिनाभरात पँटच्या खिशाची कड विरते.

मायकार्टा: जॉर्ज वेस्टिंगहाऊसच्या कंपनीत १९१०च्या सुमारास विजेच्या उपकरणांसाठी तयार झालेला पदार्थ. यात काचेऐवजी कॅनव्हास, लिनन किंवा कागद, आणि राळ फिनॉलची. उबदार आणि किंचित मऊ लागतो. हाताचा घाम आणि तेल पिऊन काळपट होत जातो. माझ्या मनात पहिल्यापासून हाच होता, आणि पहिल्या परीक्षेत हाच नापास झाला. त्याबद्दल पुढे लिहितो.

एफआरएन: नायलॉनमध्ये आखूड काचतंतू मिसळून साच्यात ओतलेलं. स्पायडर्को या चाकूंच्या कंपनीने १९९० मध्ये एन्ड्युरा आणि डेलिका हे चाकू याच पदार्थाच्या मुठीत आणले. स्वस्त वाटतं म्हणून पुष्कळ जण नाक मुरडतात, पण साच्यातच खवले उठवलेले असतील तर पकड फार चांगली असते आणि वजन जवळपास नाहीच. आत पोलादाचे लायनर (मुठीच्या आतल्या धातूच्या पातळ पट्ट्या) नसतील तर जोरात आवळल्यावर मूठ थोडी दबते. मला ते दबणं आवडलं नाही.

लाकूड: बीचच्या लाकडी मुठीचा मोठा ओपिनेल हा फ्रेंच चाकू मला मनापासून प्रिय आहे. १८९० पासूनची ती रचना, आणि १९५५ मध्ये आलेली फिरती कडी पात्याला पक्कं धरते. पण लाकूड ओलं झालं की फुगतं, पातं खाचेत आवळतं आणि उघडता उघडत नाही. शिवाय उघडायला दोन हात लागतात. फळं कापायला तोच, या कामाला नाही.

कार्बन फायबरवर वेळ घालवला नाही. गुळगुळीत, देखणं, आणि साबणात जवळपास अॅल्युमिनियमच्याच रांगेत.

वजनाचा हिशेबही मांडला. साडेबारा सेंटिमीटर लांब, तीन रुंद आणि साडेतीन मिलिमीटर जाड अशा दोन भरीव पट्ट्या धरल्या, म्हणजे साधारण २६ घन सेंटिमीटर. मायकार्टात त्या भरतात सुमारे ३७ ग्रॅम, जी-टेनमध्ये ४९, अॅल्युमिनियममध्ये ७१ आणि टायटॅनियममध्ये ११६. टायटॅनियम हलकं म्हणतात ते पोलादाच्या तुलनेत. मुठीपुरतं बोलायचं तर ते यातलं सगळ्यात जड आहे, म्हणूनच त्याच्या मुठी आतून कोरून काढाव्या लागतात.

आठवडा ४

या आठवड्यात दुखापत झाली असती. मित्राच्या चाकूत लायनर लॉक आहे: मुठीच्या आतली धातूची पातळ पट्टी बाजूला सरकून पात्याच्या टाचेमागे उभी राहते. लॉक सोडायला सोपं जावं म्हणून त्या मुठीला तर्जनीपाशी मोठी खाच दिली आहे आणि पट्टीची कड तिथे उघडी पडते. त्याच्याच जोडीचा ट्रेनर मी साबणाच्या हाताने जीव खाऊन आवळला आणि मनगट पिळलं. बोटाचं मांस खाचेत दबलं, पट्टी सरकली आणि पातं मिटून तर्जनीच्या दुसऱ्या पेरावर आपटलं. काळंनिळं वळ उठलं. पातं बोथट होतं म्हणून एवढ्यावर निभावलं.

त्यानंतर दोन रात्री फक्त लॉकवर घालवल्या. चाकू बनवणारे क्रिस रीव्ह यांनी रूढ केलेल्या फ्रेम लॉकमध्ये मुठीची एक बाजूच पात्यामागे सरकते, त्यामुळे मूठ आवळली की लॉकही आवळतं. भीतीने घट्ट धरणाऱ्या हातासाठी हा विचार मला पटतो. मात्र ती बाजू धातूचीच असावी लागते, बहुधा टायटॅनियमची. म्हणजे लॉक निवडलं की अर्धी मूठही ठरून जाते: एका बाजूला जी-टेन, दुसऱ्या बाजूला गुळगुळीत धातू. साबणाच्या फेरीत हा फरक लगेच दिसला, बोटांची टोकं धातूच्या बाजूवरून घसरत होती.

कोल्ड स्टील कंपनीच्या चाकूंमधलं, अँड्र्यू डेम्को यांनी रचलेलं ट्राय-अॅड लॉक वेगळ्या वाटेने जातं. मूळ कल्पना जुन्या लॉकबॅकची, म्हणजे १९६४ च्या बक ११० या चाकूमध्ये आहे तशी पाठीवरची दांडी. पण इथे पातं आणि दांडी यांच्यामध्ये एक जाड पिन येते आणि जोर ती झेलते. सोडायची कळ मुठीच्या पाठीवर असते, बोटांखाली नाही. आणि मुठीच्या दोन्ही बाजू हव्या त्या पदार्थाच्या ठेवता येतात. कळ कडक आहे, मिटवताना अंगठा दुखतो. ते मी चालवून घेईन.

आठवडा ६

मायकार्टा नापास का झाला याचं उत्तर सापडलं. कारखान्यातून तो आरशासारखा घासून आला होता. वरचा राळेचा थर चकचकीत, कापडाचे धागे खाली झाकलेले. हात कापडाला लागतच नव्हता.

दोन्ही पट्ट्या काढल्या, तोंडाला चांगला रेस्पिरेटर लावला, बादलीत पाणी घेतलं आणि १२० नंबरच्या वॉटर पेपरने ओल्यातच घासायला बसलो. कोरडं घासू नका, जी-टेन तर अजिबात नाही. काचेची ती धूळ फुप्फुसात गेली तर परत येत नाही. पहिली दहा मिनिटं काहीच दिसेना. मग एका कोपऱ्यात चमक गेली आणि कॅनव्हासची वीण उमटली, उभे-आडवे धागे मोजता येतील इतकी स्पष्ट. बोट फिरवलं तर खादीच्या कुर्त्यावरून फिरवल्यासारखं वाटलं. पुढे २२० नंबरवर थांबलो. त्यापुढे गेलं की पुन्हा गुळगुळीतपणा येऊ लागतो.

पुन्हा ताणकाटा. कोरड्या हातात जी-टेनपेक्षा थोडा कमी. पाण्यात मात्र पकड वाढली. धागे ओले झाले की कातडीला चिकटल्यासारखे धरतात. साबणातही बहिणीला दोन्ही हात लावून ओढावं लागलं. "आता नाही सुटत," ती म्हणाली, आणि मला खरोखर भरून आलं. तेलात जी-टेन अजूनही पुढे आहे.

आठवडा ८

निवड झाली. चार इंची पातं, पाठीवर कळ असलेलं ट्राय-अॅड लॉक, खडबडीत जी-टेनची मूठ. मायकार्टावर जीव आहे, पण तेलाच्या फेरीने निकाल दिला. रक्ताने हात कसा होतो याची परीक्षा मला घ्यायची नाही, म्हणून सगळ्यात वाईट फेरीत जो टिकला त्याच्यावर भरवसा ठेवतोय. तर्जनीसमोर मुठीला ठसठशीत उंचवटा आहे, हात पात्यावर सरकू नये म्हणून. तो नसता तर जी-टेन असूनही हा चाकू घेतला नसता.

खिशाचा प्रश्नही सुटला. क्लिप काढली आणि तिच्याखाली येणारा बोटभर रुंदीचा पट्टाच तेवढा ४०० नंबरने ओला घासून गुळगुळीत केला. बाकी मूठ तशीच. खिशात आता सहज सरकतो, आणि बोटं त्या पट्ट्यावर येतच नाहीत.

उघडण्याचा सराव रोज दहा मिनिटं, ट्रेनरवरच, पात्यावरच्या, अंगठ्याने ढकलायच्या खुंटीने, कधी उजव्या तर कधी डाव्या हाताने. ओल्या डाव्या हाताने दहातले चार प्रयत्न अजून चुकतात. मायकार्टाच्या पट्ट्या लाकडाच्या जागी एका जुन्या लॉकबॅकला बसवतोय. तिथली पितळी रिवेट काढताना एक पट्टी कडेला किंचित चिरली आहे. ती इपॉक्सीने भरून शिकंज्यात दाबून ठेवली आहे. उद्या सकाळी शिकंजा सोडेन.