वीस मिनिटांचा पाहुणा

आमच्या सेवा क्लबाच्या दर आठवड्याच्या सभेत एक पाहुणा वक्ता असतो आणि त्याला वीस मिनिटं दिलेली असतात. हे पाहुणे शोधायचे, त्यांना बोलवायचं, दारापासून माइकपर्यंत आणायचं, हे काम गेली सहा वर्षं माझ्याकडे आहे. माझा पेशा हिशेब लिहिण्याचा, त्यामुळे पहिल्याच सभेपासून मी एक वही घातली. तारीख, विषय, प्रत्यक्ष मिळालेली मिनिटं, आलेले प्रश्न असे रकाने आखले. ‘पुढे काय झालं’ हा शेवटचा रकाना मात्र दुसऱ्या वर्षी वाढवला. तो कुणामुळे वाढला, हे बरेच दिवस लिहायचं मनात होतं.

त्या संध्याकाळी आमच्याकडे एक स्पीच थेरपिस्ट आल्या होत्या. पक्षाघातानंतर ज्यांची वाचा जाते अशा माणसांना पुन्हा बोलतं करणं हे त्यांचं काम. दवाखाना लवकर बंद करून, दोन तास गाडी चालवून त्या वेळेआधी पोचल्या होत्या. आमची सभा सुरू झाली. आधी प्रांतपालांचा, म्हणजे आमच्या भागातल्या क्लबांच्या प्रमुखांचा, निरोप वाचून झाला. मग नव्या सदस्यांना पिना लावल्या, निधी संकलनाचा हिशेब झाला, सहलीची सूचना झाली, त्या सूचनेवर चर्चा झाली. बाई पहिल्या रांगेत मांडीवर कागद घेऊन शांत बसल्या होत्या. त्यांचं नाव पुकारलं तेव्हा सभागृह रिकामं करून द्यायला नऊ मिनिटं उरली होती.

त्यांनी कागद बाजूला ठेवले आणि सरळ मुद्द्याला हात घातला. वाचाघात झालेल्या माणसाची बुद्धी गेलेली नसते. बहुतेकांच्या मेंदूत भाषेचा कारभार डाव्या बाजूला चालतो, तिथला रक्तपुरवठा तुटला की शब्द हाताशी येईनासा होतो. काय म्हणायचंय ते त्याला पक्कं ठाऊक असतं. घरचे मात्र त्याच्याशी बहिऱ्याशी बोलावं तसं मोठ्यानं बोलतात, नाहीतर त्याचं वाक्य आपणच पुरं करून टाकतात. मग तो हळूहळू प्रयत्न सोडतो. एवढं सांगून त्या म्हणाल्या, शेजारच्याला एक साधा प्रश्न विचारा. शेजाऱ्यानं मनात दहा आकडे मोजून मगच उत्तर द्यायचं. विचारणाऱ्यानं तोवर काही बोलायचं नाही, सुचवायचं नाही, त्याच्याकडे बघत राहायचं.

आम्ही करून पाहिलं. चार आकड्यांपर्यंतच लोकांची चुळबूळ सुरू झाली. सहाव्याला माझ्याच तोंडून ‘म्हणजे...’ निघालं.

‘माझी वेळ संपली,’ म्हणून त्या बसल्या. आभार मानणाऱ्यानं वेळेअभावी वगैरे म्हटलं. माफी कुणी मागितली नाही. मी त्यांना गाडीपर्यंत सोडायला गेले, पण तिथेही मला शब्द सापडेनात. त्यांनीच विचारलं, ‘पुढच्या वेळी माझ्या एका पेशंटना बरोबर आणलं तर चालेल का? त्यांना मात्र वेळ लागेल.’

घरी येऊन वही उघडली आणि वर्षभराचे मिनिटांचे आकडे पाहिले. पुरी वीस मिनिटं मिळालेले वक्ते निम्मेही नव्हते. पाहुण्याला आपण आग्रहानं बोलावतो, तो स्वतःच्या खर्चानं, स्वतःचा दिवस मोडून येतो, मानधन घेत नाही, आणि आपण त्याचा वेळ खातो. या गोष्टीचा मला आजही त्रास होतो. पुढच्या कार्यकारिणीत मी ती पानं सगळ्यांसमोर ठेवली आणि सूचना, निरोप, पिना हे सगळं भाषणानंतर घ्यावं असा ठराव मांडला. विरोध झाला. भाषण संपलं की लोक उठून जातात, मग सूचना ऐकणार कोण, असं जुन्या सदस्यांचं म्हणणं होतं आणि त्यात तथ्यही होतं. शेवटी सूचना एका कागदावर छापून खुर्च्यांवर ठेवायच्या असं ठरलं. आजही तसंच चालतं.

वीस मिनिटांसाठी एवढी भांडतेस का, असं एकीनं विचारलं होतं. तिला मी हेलन केलरची गोष्ट सांगितली.

३० जून १९२५. अमेरिकेत ओहायोमधल्या सीडर पॉइंटला लायन्स क्लबांचं आंतरराष्ट्रीय अधिवेशन भरलं होतं. मेल्विन जोन्सनी १९१७ साली उभी केलेली ही संघटना तेव्हा जेमतेम आठ वर्षांची होती. पाहुणी म्हणून आल्या हेलन केलर. तीनच दिवसांपूर्वी त्यांना पंचेचाळीस वर्षं पुरी झाली होती. दीड वर्षाच्या वयात आजारपणात दृष्टी आणि श्रवण दोन्ही गेलेली ही बाई मोठ्या कष्टानं बोलायला शिकली होती. ते भाषण छापील स्वरूपात मिळतं, वाचायला पाच मिनिटंही लागत नाहीत. संधी एकदाच दार ठोठावते असं म्हणतात, तर मीच तुमची संधी आहे आणि मी तुमचं दार ठोठावते आहे, अशी त्यांनी सुरुवात केली. शिक्षक मिळण्याआधीचा आपला अंधार थोडक्यात सांगितला. आणि मग मागणं मागितलं: टाळता येण्याजोगं अंधत्व उरू नये, एकही मूकबधिर-अंध मूल शिक्षणावाचून राहू नये, एकाही अंध माणसाला आधारावाचून राहावं लागू नये, यासाठी तुम्ही अंधांचे शिलेदार व्हाल का?

त्या दिवसापासून दृष्टी हे लायन्सचं काम झालं. पाच वर्षांनी, १९३० साली, इलिनॉयमधल्या पिओरिआच्या लायन्सनी अंध माणसाची काठी वाहनचालकांना लांबून दिसावी म्हणून पांढरी रंगवून घ्यायला सुरुवात केली, आणि त्याच वर्षी त्या शहरानं पांढरी काठी घेऊन रस्ता ओलांडणाऱ्याला वाट देण्याचा नियम केला. १९९० साली साइटफर्स्ट नावाची मोठी मोहीम सुरू झाली. हे सगळं एका पाहुणीच्या छोट्या भाषणातून निघालं. तिला त्या दिवशी सूचना संपेपर्यंत बसवून ठेवलं असतं तर?

हे भाषण मी अनेकदा वाचलंय. दर वेळी मला त्यातलं मागणं नव्यानं दिसतं. केलरबाईंनी सहानुभूती मागितली नाही, काम मागितलं. म्हणून आता मी वक्त्यांना फोन करते तेव्हा विषय नंतर विचारते. आधी विचारते, तुमच्या कामाबद्दल लोक सगळ्यात जास्त काय चुकीचं समजतात? आणि आमच्याकडून तुम्हाला काय हवंय? दुसऱ्या प्रश्नाला बहुतेक जण आधी ‘काही नाही हो’ म्हणतात. मी थांबते. दहा आकडे मोजते. मग उत्तर येतं.

नेत्रपेढीतून आलेल्या समुपदेशकांचं उत्तर असं थांबूनच मिळालं. ते म्हणाले, संकल्पपत्रं भरून देऊ नका, किंवा भरा, पण तेवढ्यावर थांबू नका. मला आधी कळेचना. सभेत त्यांनी ते उलगडून सांगितलं. नेत्रदानाचं संकल्पपत्र भरलेला माणूस वेळ आल्यावर फोन करू शकत नाही. तो फोन घरच्यांनी करायचा असतो, आणि तोही लवकर, कारण पारपटल, म्हणजे बुबुळावरचा पारदर्शक पडदा (कॉर्निया), मृत्यूनंतर साधारण सहा तासांच्या आत काढावं लागतं. फोन करून झाला की पापण्या मिटायच्या, त्यावर ओला कापूस ठेवायचा, पंखा बंद करायचा, डोक्याखाली उशी ठेवून डोकं थोडं उंच करायचं. काम अर्ध्या तासाच्या आत उरकतं आणि चेहरा विद्रूप होत नाही. चष्मा असला, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं असलं, मधुमेह असला, तरी पारपटल देता येतं. यातल्या प्रत्येक गोष्टीबद्दल आमच्या सभागृहात कुणाचा ना कुणाचा उलटा समज होता. आजच्या चेक प्रजासत्ताकातल्या ओलोमोउट्स इथल्या एडुआर्ड झिर्म या डॉक्टरांनी पारपटलाचं पहिलं यशस्वी रोपण डिसेंबर १९०५ मध्ये केलं, हेही त्यांच्याचकडून कळलं. म्हणजे शंभराहून जास्त वर्षं ही विद्या माणसाच्या हातात आहे आणि अडतं कुठे, तर फोन कुणी करायचा इथे. त्यांची मागणी एकच होती: आज घरी गेल्यावर, दिवा मालवण्याआधी, ही गोष्ट घरात मोठ्यानं बोला. वहीच्या शेवटच्या रकान्यात त्या भाषणापुढे दोन नोंदी आहेत. दोन घरांतून वेळेत फोन गेले. एक घर आमच्या खजिनदारांचं.

अग्निशमन दलातल्या एका जवानाला बोलावलं होतं तेव्हा एका सदस्यानं मला बाजूला घेऊन म्हटलं, जरा मोठा अधिकारी नाही का मिळाला? मला तो जवानच हवा होता. तो बोलायला बिचकत होता, म्हणून मी सांगितलं की भाषण करू नका, ड्यूटीवर जसं नव्या मुलांना सांगता तसं सांगा. त्यानं एक पातेलं आणि त्याचं झाकण आणलं होतं. तापलेल्या तेलानं पेट घेतला तर पाणी ओतायचं नाही. पाणी तेलापेक्षा जड, ते तळाशी जातं आणि क्षणात त्याची वाफ होते, वाफेला पाण्याच्या सोळाशे-सतराशे पट जागा लागते, ती पेटतं तेल घेऊन वर उसळते. गॅस बंद करायचा, झाकण सरकवत ठेवायचं आणि उघडून बघायचं नाही. ‘उघडून बघायचं नाही’ हे तो तीनदा म्हणाला. तिसऱ्यांदा म्हणताना त्याचा आवाज बदलला, आणि कुठल्याशा घरी कुणीतरी उघडून पाहिलं होतं हे आम्हाला न सांगता समजलं. मग धुरात रांगत कसं जायचं ते त्यानं करून दाखवलं, आणि साठी उलटलेले आमचे तिघे सदस्य खुर्च्या मागे सारून त्याच्यामागून रांगले. असं दृश्य कुठल्या बड्या वक्त्यानं आमच्याकडून काढून घेतलं नव्हतं.

नावाजलेले वक्तेही येतात, छान बोलतात, टाळ्या घेतात. वहीत त्यांच्यापुढचा शेवटचा रकाना बहुधा कोरा असतो. ज्याचे हात रोज त्या कामात असतात त्याचं बोलणं अडखळतं, पण लोक घरी जाऊन त्याबद्दल बोलतात. म्हणूनच आमच्या प्रत्येक नव्या सदस्यानं पहिल्या तीन महिन्यांत आपल्या व्यवसायावर बोलायचं ही प्रथा मी जिवापाड जपते. सेवा क्लबांची सुरुवातच मुळी तिथून झाली. २३ फेब्रुवारी १९०५ ला शिकागोत पॉल हॅरिस आणि त्यांचे तीन मित्र एका खाण अभियंत्याच्या कचेरीत जमले: वकील, कोळशाचा व्यापारी, खाण अभियंता आणि शिंपी. पाळीपाळीनं एकमेकांच्या कचेरीत भेटायचं ठरलं आणि त्या फिरत्या सभांवरून रोटरी हे नाव पडलं. शेजारच्या खुर्चीतल्या माणसाचा दिवस कसा जातो हे ऐकून घेणं तेव्हापासून या कामात आहे. आमच्याकडचे एक गप्प गप्प असणारे सदस्य लिफ्ट दुरुस्त करतात. त्यांच्या भाषणापर्यंत दोर तुटला की लिफ्ट कोसळते असंच मी समजत होते. वेग मर्यादेबाहेर गेला की रुळाला पकडणारे ब्रेक असतात, हे त्यांनी फळ्यावर काढून दाखवलं आणि गेली कित्येक वर्षं जिने चढणाऱ्या एक बाई त्या दिवशी लिफ्टनं खाली उतरल्या.

एक चूक माझ्या हातूनही झाली आणि ती लिहायलाच हवी. आर्थिक साक्षरतेवर बोलतो म्हणून एक गृहस्थ आले. शेवटच्या पाच मिनिटांत त्यांनी अर्ज वाटले. मी माइक काढून घ्यायला हवा होता. पाहुण्याचा अपमान नको म्हणून गप्प राहिले. आमच्या सर्वांत ज्येष्ठ सदस्यांनी दुसऱ्या दिवशी पैसे भरले, ते परत मिळवायला त्यांच्या मुलीला चार महिने लागले. तेव्हापासून निमंत्रणाच्या पत्रात पहिलीच ओळ आहे की व्यासपीठावरून विक्री, मतांचा प्रचार आणि धर्मप्रचार चालणार नाही. हे पत्र मी फोनवर वाचूनही दाखवते.

दुसरं पत्र तीन महिन्यांनी जातं. तुम्ही सांगितलेल्या अमुक गोष्टीचं आमच्याकडे असं असं झालं, एवढाच मजकूर. काही झालं नसेल तर तेही लिहिते. या पत्रांना जितकी उत्तरं येतात तितकी निमंत्रणांनाही येत नाहीत. अग्निशमनच्या त्या जवानानं माझं पत्र दलाच्या फलकावर लावलंय, असं त्याच्या साहेबांनी कळवलं.

स्पीच थेरपिस्ट बाईंना मी पहिलं असं पत्र लिहिलं ते आमच्या माजी अध्यक्षांबद्दल. त्यांच्या भावाला वाचाघात झाला होता, आणि दोन वर्षं ते त्याची वाक्यं पुरी करत आले होते. त्या नऊ मिनिटांनंतर त्यांनी ते थांबवलं. पत्राबरोबर मी नवं निमंत्रण जोडलं, पूर्ण सभेचं.

या वेळी त्या पेशंटना घेऊन आल्या. पूर्वी शाळेत भूगोल शिकवणारे गृहस्थ. उजवा हात कोटाच्या खिशात. बाईंनी ओळख करून दिली आणि त्या चक्क मागच्या रांगेत जाऊन बसल्या. गुरुजी उभे राहिले. पहिला शब्द यायला बराच वेळ गेला, ‘नदी’ म्हणायचं होतं आणि आधी ‘रस्ता’ आलं, त्यांनी मान हलवली, पुन्हा शोधलं. पहिल्या वेळी चार आकड्यांत चुळबूळ करणारे आम्ही सत्तेचाळीस जण बसून होतो. कुणी शब्द पुरवला नाही. कुणी घड्याळाकडे पाहिलं नाही. नदी वळण कशी घेते, बाहेरचा काठ कापत जाते आणि आतल्या काठावर गाळ टाकत जाते, एवढं त्यांना सांगायचं होतं. एखाद्यानं ते दोन मिनिटांत सांगितलं असतं.

वहीत त्या दिवशीच्या मिनिटांच्या रकान्यात मी तेवीस लिहिलंय.