तिथीची पाऊणपट

भाचीच्या लग्नाची एक्सेल शीट आली तेव्हा मी आंब्याच्या पेट्यांत पेंढा भरत होतो. माझ्या नावापुढे दोन कामं होती. पहिलं, नवरीला मांडवात आणणे. ते मामाचं पिढीजात खातं, त्यात बोलण्यासारखं काही नाही. दुसऱ्या ओळीत पिवळ्या रंगात लिहिलेलं : एक्झिट, ६.२० ते ६.४०.

फोन केला. म्हणाली, “मामा, एक्झिट म्हणजे आम्ही दोघं निघतो ते. अल्बममधला शेवटचा फोटो.”

“अगं, मग पाठवणी म्हण की.”

“पाठवणीच्या फोटोत सगळ्यांची नाकं लाल असतात. मला हसत निघायचंय.”

पुण्यात हॉल घ्यायचा सोडून ही आजोळच्या अंगणात लग्न करते आहे, एवढ्यावरच आम्ही इतके खूश होतो की हसत नीघ नाहीतर नाचत नीघ. पण शीटच्या खाली पर्याय होते आणि ते माझ्याच्याने निस्तरेनात. फुलबाज्यांचा बोगदा. आकाशकंदील. चमकीच्या कागदाची उधळण. किनाऱ्यावर ओल्या वाळूत दोघांचं प्रतिबिंब.

लग्नाच्या मांडवातून निघण्याचा मराठीतला सर्वांत गाजलेला प्रसंग समर्थ रामदासांचा. ‘सावधान’ ऐकलं आणि नारायण बोहल्यावरून पळाला, अशी कथा आहे. त्याला ना तालीम लागली ना फोटोग्राफर. पण तो एकटा निघाला होता. दोघांनी निघायचं म्हटलं की शीट आली.

आकाशकंदील मीच खोडला. वैशाखात डोंगरउतारावरचं गवत कडकडीत वाळलेलं असतं, खाली काजूच्या बागा. एक कंदील कलंडला की वणवा. फुलबाज्यांना ताईने नकार दिला, कारण शालू रेशमी आणि दोन्ही बाजूंना पोरं. चमकीच्या कागदाला गुरं आडवी आली. आमची गाय अंगणातलं काहीही खाते. राहिला किनारा. फोटोग्राफर चिपळूणचा, चुणचुणीत पोरगा, त्याचा सगळा जीव त्या प्रतिबिंबात.

ओट्यावर आई लसूण सोलत बसली होती. तिने विचारलं, “तिथी कोणती?”

“शुद्ध दशमी.”

“दहाची पाऊणपट साडेसात. साडेसातला पूर्ण भरती. पाणी चढतं असताना ओली वाळू कुठे मिळणार? ओहोटीला मिळते.”

आईचं माहेर खाडीपलीकडे दाभोळला. तिचे वडील तिथे तरीवर, म्हणजे खाडी ओलांडणाऱ्या होड्यांच्या धक्क्यावर, हिशेबाला होते, त्यामुळे घरातल्या पोरींना पाढे यायच्या आधी भरती यायची. तिथीला पाऊणने गुणायचं की भरतीची वेळ मिळते. पौर्णिमेला सव्वाअकरा, अष्टमीला सहा. त्यानंतर सहा तासांनी ओहोटी. पोरगा अदबीने म्हणाला, “आजी, दशमीला भांगाचं पाणी, फार चढत नाही ना?” म्हणजे त्यालाही काही कळत होतं. आई म्हणाली, “भांगाची असली तरी भरतीच ती. काठ भिजला की नवरी खाली बघणार आणि तुझा फोटो गेला.” त्याने मोबाइलवर पाहिलं. साडेसातच्या आसपासच होतं. किनारा बाद.

मग ठरली आमची पाखाडी. घरापासून रस्त्यापर्यंत जांभ्या दगडाच्या पायऱ्या, दोन्ही बाजूंना गडगे, वर सुपारीच्या झावळ्या. उतरताना तोंड पश्चिमेला येतं. मे महिन्यात सूर्य सातच्या सुमारास बुडतो, म्हणजे सव्वासहाचं तिरपं ऊन सरळ तोंडावर. अडचण एकच, वाऱ्याची. दुपारी जमीन तापते तसे खारे वारे सुटतात आणि संध्याकाळपर्यंत आमच्या पाखाडीतून वर घुसत राहतात. चालणाऱ्यांच्या अंगावर नेमक्या टाकलेल्या पाकळ्या त्यांच्या मागे आजीच्या अंगावर जाऊन पडतात.

म्हणून आदल्या दिवशी तालीम. नवरदेव दाभोळच्या अलीकडे यायचा नव्हता, त्याच्या जागी मी, बनियनवर. गुलाबाच्या पाकळ्या महाग, म्हणून बोगनवेल. दोन रांगा समोरासमोर, मध्ये दोघं आरामात चालतील एवढी जागा, प्रत्येकाच्या हातात वर्तमानपत्राची पुडी. पोरगा खालून ओरडत होता, “तोंडावर मारू नका, वर उडवा! जोडी दोन पावलं वर असतानाच उडवा, वारा आणून देईल!” पहिल्या खेपेला सगळी बोगनवेल भावोजींच्या चष्म्यावर. दुसऱ्या खेपेला मी घसरलो. तिसऱ्या खेपेला जमलं. पाकळ्या वर गेल्या, वाऱ्याने आमच्याकडे ढकलल्या आणि भाची खरंच हसली.

ताई मात्र रांगेत पुडी घेऊन तशीच उभी होती. पुडी उघडलीच नव्हती. पदर डोळ्यांना. मग भावोजी चष्मा पुसायला लागले आणि पुसतच राहिले. समोरच्या रांगेतल्या दोन मावश्या. पाच मिनिटं तालीम बंद. पोरगा शहाणा, कॅमेरा खाली करून गडग्यावर बसून राहिला.

रात्री मी आईला म्हटलं, रडण्याचीही तालीम झाली. ती म्हणाली, “आमच्यात पण ठरलेलंच असायचं. मोठ्या काकूने पदर डोळ्याला लावला की सगळ्यांनी समजायचं. ती नाही लावायची तोवर ओटीचं ताट पुढे येत नसे. आणि नवरी रडली नाही तर वर्षभर बोलणी.” म्हणजे तेव्हाही शीट होतीच, फक्त काकूच्या डोक्यात. मग तिने स्वतःचं सांगितलं. वैशाखातली वद्य प्रतिपदा, उधाणाची ओहोटी, वाशिष्ठीच्या खाडीचं पाणी पार लांब गेलेलं. होडी काठाला लागेना. दोन खलाशांनी तिला लाकडी खुर्चीत बसवून गुडघाभर चिखलातून नेलं. एक चप्पल तिथेच राहिली. “रडायचं विसरले मी. खुर्ची घट्ट धरायची की रडायचं?” तिच्या लग्नाचा एकच फोटो आहे, आठ दिवसांनी चिपळूणच्या स्टुडिओत काढलेला, मागे रंगवलेला महाल.

लग्नाच्या दिवशी सगळं शीटप्रमाणे झालं. शीटमध्ये नव्हतं ते देवाला घालायचं गाऱ्हाणं. सहा वाजता गावकर नारळ हातात धरून उभे राहिले. ग्रामदेवतेपासून वेशीपर्यंत सगळ्यांची नावं आली आणि प्रत्येक वाक्याला आम्ही “व्हय म्हाराजा”. ऊन गडग्यावरून खाली सरकायला लागलं. फोटोग्राफर घड्याळ बघून सगळ्यांत मोठ्याने “व्हय म्हाराजा” म्हणत होता, त्याने लवकर आटपेल अशी बहुधा त्याची समजूत. नवऱ्याकडच्या कोणी तरी नवरीला मागे तांदूळ उडवायला सांगितलं, मालिकांत असतं तसं. आई म्हणाली, “माप घरात येताना ओलांडतात. जाताना कसले तांदूळ सांडायचे?” प्रश्न मिटला.

सहा पस्तीसला दोघं पायऱ्या उतरली. “एक, दोन, तीन, आता!” हा आकडा ताईच मोजत होती, कोरड्या डोळ्यांनी. वारा वेळेवर आला. फोटो फार सुंदर आलाय, आमच्या सगळ्यांच्या माना वर आणि तोंडं उघडी.

खाडी ओलांडायला फेरीबोट झाली ती २००३ साली. त्याआधी गाडीने दाभोळला जायचं तर चिपळूणला वळसा. धोपाव्याच्या जेट्टीपर्यंत आईही आली, “मला बघायचंय” म्हणून. फुलांची गाडी फळीवरून बोटीत चढली, फळी उचलली, भोंगा झाला. भाची कठड्याशी येऊन दोन्ही हात हलवायला लागली. मी हलवले, ताईने हलवले. आई खाली वाकून जेट्टीच्या बाजूच्या जुन्या पायऱ्यांकडे बघत होती.

“आई, वर बघ, हात करतेय ती.”

तिने हात वर केला, पण बोट पायऱ्यांकडेच. “चौथी बुडली बघ. किती वाजले?”

साडेसातला पाच कमी होते.