मुळं आली, रोप येईना: एचेव्हेरिया पानापासून वाढवण्याचा माझा अनुभव

पानापासून एचेव्हेरिया (जाड, रसाळ पानं फुलासारखी गोल मांडलेलं शोभेचं झाड) तयार करणं अगदी सोपं, असं जो तो सांगतो. पान काढा, मातीवर ठेवा आणि विसरून जा. पहिला महिना खरोखरच तसा जातो. पुढे जे अडतं त्याबद्दल मात्र कुणी धड बोलत नाही. पानाला मुळं फुटतात, भरघोस फुटतात, पान टवटवीत राहतं आणि रोपाचा पत्ताच नसतो. दोन महिने, चार महिने, कधी वर्षभर. माझ्या ट्रेमध्ये दर खेपेला अशी पानं निघतातच. या एका टप्प्याने जेवढा वैताग दिला तेवढा किडीने आणि कुजण्याने मिळूनही दिला नाही. म्हणून बाकीचं थोडक्यात सांगते आणि यावर सविस्तर लिहिते.

पान निवडताना अगदी खालचं सुरकुतलेलं घेऊ नका आणि मधलं कोवळंही नको. खालून दुसऱ्या-तिसऱ्या फेरीतलं, भरलेलं पान घ्यावं. पाणी दिल्या दिल्या पानं काढू नयेत. तेव्हा ती इतकी ताठ असतात की बुडापाशी कटकन मोडतात. पाणी देऊन पाच-सहा दिवस झाले की ती थोडी लवचिक होतात. पान बुडाजवळ चिमटीत धरायचं आणि डावीकडे-उजवीकडे हळूहळू हलवत सोडवायचं. वर-खाली ओढलं की तुटतं. सावलीत कोरड्या कागदावर तीन-चार दिवस ठेवलं की जखम सुकते. मग ट्रेमध्ये कोरड्या मिश्रणावर, पानाची आतली बाजू वर करून, नुसतं आडवं ठेवायचं. मुळं दिसेपर्यंत पाणी नाही. साधारण दोन ते चार आठवड्यांत गुलाबी-पांढरी मुळं दिसू लागतात. इथपर्यंत काही अडत नाही.

आता अडतं ते. मुळं आली म्हणजे रोप येणारच, हा समज मनातून काढून टाका. मुळं आणि कोंब या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पानाच्या जखमेवर जी खपली धरते तिच्यातून मुळं फुटू शकतात. कोंब मात्र पानाच्या अगदी बुडाशी, जिथे ते खोडाला चिकटलेलं असतं तिथल्या बारीकशा पट्टीतून येतो. ती पट्टी खोडावरच राहून गेली तर पान मुळं धरेल, पाणी पिईल, उन्हावर स्वतःपुरतं अन्नही बनवेल आणि महिनोन्‌महिने हिरवंगार राहील. पण त्यातून रोप कधीच निघणार नाही. असं पान निरोगी दिसतं म्हणूनच फसवतं. आपण आशेने रोज बघत राहतो आणि ट्रेमधली जागा अडून राहते.

म्हणून पान हातात आल्या आल्या बुड तपासा. त्यासाठी साधं भिंग पुरतं. नीट निघालेल्या पानाचं बुड गुळगुळीत असतं, चंद्रकोरीसारखी अखंड कड आणि मधोमध एक फिकट ठिपका. नीट न निघालेल्या पानाचं बुड सपाट कापल्यासारखं दिसतं, रस सुटलेला असतो, कड एका बाजूने फाटलेली असते. त्याच वेळी खोडाकडेही बघा. पान जिथून निघालं तिथे ओलसर हिरवा तुकडा उरला असेल तर ते पान ट्रेमध्ये ठेवूच नका. ही दोन मिनिटांची तपासणी पुढचे सहा महिने वाचवते, आणि नेमकी हीच कुणी सांगत नाही.

बुड अखंड असूनही कोंब येत नसेल तर मी तीन गोष्टी बघते. पहिली म्हणजे बुड मातीत पुरलंय का. मुळं दिसली की ती झाकावीशी वाटतात आणि त्या नादात बुडावरही माती चढते. मुळांवर बारीक मिश्रणाचा अर्धा सेंटीमीटर थर पुरे. बुडाची वरची कड उघडी, उजेडात राहिली पाहिजे. कोंब ओल्या मातीखाली राहिला तर दिसायच्या आधीच कुजतो.

दुसरी गोष्ट, कोंब येऊन मेलाय का. भिंगातून बुडाशी मोहरीच्या दाण्याहून लहान तपकिरी, सुकलेला ठिपका दिसला तर समजा की कोंब आला होता. तो एकतर कडक उन्हाने करपला किंवा स्प्रेचं पाणी बुडाच्या खोबणीत साचून सडला. रोज सकाळ-संध्याकाळ स्प्रे मारा, हा सल्ला सगळ्यात जास्त दिला जातो आणि माझ्या मते सगळ्यात जास्त नुकसान तोच करतो. बारीक तुषारांनी पान आणि बुड ओलं होतं, मुळांपर्यंत काही पोचत नाही. मुळं आली की पानाला हात न लावता ट्रेच्या कडेने पाणी सोडा, मिश्रण पूर्ण भिजू द्या आणि वरचे दोन सेंटीमीटर कोरडे होईपर्यंत पुन्हा देऊ नका. असा कोंब गेला तरी पान टाकू नका. त्याच बुडातून कधी कधी शेजारी दुसरा फुटतो.

तिसरी गोष्ट हवामान. एचेव्हेरियाच्या बहुतेक जाती मूळच्या मेक्सिकोच्या डोंगराळ भागातल्या, जिथे दिवसा लख्ख ऊन असतं आणि रात्री गारवा. ही झाडं पानावरची छिद्रं मुख्यतः रात्री उघडून कार्बन डायऑक्साइड घेतात आणि दिवसा बंद ठेवून पाणी वाचवतात. रात्रीही उकाडा राहिला की हे गणित बिघडतं आणि वाढ थांबते. तेव्हा पानं नुसती पडून असतात. दिवसा २५ अंशांच्या आसपास आणि रात्री १५ ते १८ अंश असेल तर तीच पानं तीन-चार आठवड्यांत हलतात. त्यामुळे गरम, दमट दिवसांत अडलेल्या पानांवर उपाय करत बसू नये. ट्रे सावलीत, खेळत्या हवेत ठेवावा आणि पाणी कमी करावं.

हे सगळं ठीक असूनही चार महिने काहीच नसेल तर एक उपाय करून बघण्यासारखा आहे. पान अलगद उचलायचं, मुळं धारदार, स्पिरिटने पुसलेल्या ब्लेडने बुडापासून अर्ध्या सेंटीमीटरवर कापायची, तीन दिवस सावलीत सुकवायचं आणि पुन्हा कोरड्या मिश्रणावर ठेवायचं. सगळी पानं दाद देत नाहीत, पण माझ्याकडे काहींनी नव्या मुळांबरोबर कोंबही दिलाय. बुडाला चीर देण्याचा उपायही सांगितला जातो, तो मी करणार नाही. जी पट्टी वाचवायची तिच्यावरच ब्लेड फिरवण्यात अर्थ नाही.

कोंब पहिल्यांदा दिसतो तेव्हा पानासारखा दिसतच नाही. मुळांच्या वरच्या बाजूला फिकट हिरवट-गुलाबी, चकचकीत पुळी आल्यासारखी वाटते. आठवड्याभरात तिच्यावर दोन-तीन टोकं उमटतात आणि मग टाचणीच्या डोक्याएवढं पूर्ण रोझेट, म्हणजे पानांचा गोल झुबका, दिसू लागतं. अडलेल्या पानावर हे दिसलं की जीव भांड्यात पडतो. पण इथेच बहुतेकांची घाई होते. जुनं पान सुरकुतलं, पिवळं पडलं की ते ओढून काढलं जातं. रोप आणि मुळं दोन्ही पानाच्या त्याच बुडाला जोडलेली असतात. पान ओढलं की मुळं पानाबरोबर जातात आणि रोप उघडं पडतं. जुनं पान ही रोपाची पाण्याची टाकी आहे. ते कागदासारखं वाळून आपोआप सुटेपर्यंत हात लावायचा नाही. एकच अपवाद, पान पारदर्शक, पिवळट, मऊ झालं किंवा बुड काळं पडलं तर ते कुजणं आहे. सडका भाग लगेच कापून टाका.

मिश्रणाचं राहिलं. चाळलेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) एक भाग आणि परलाइट (हलके पांढरे खडे) किंवा ३ ते ५ मिलिमीटरचा प्यूमिस (सच्छिद्र ज्वालामुखी दगड) दोन भाग. प्यूमिस मिळत नसेल तर धुतलेली जाड वाळू चालते, बारीक वाळू नको, ती घट्ट बसते आणि निचरा थांबतो. वरचा एक सेंटीमीटर थर थोडा बारीक ठेवा, कारण केसासारखी मुळं मोठ्या खड्यांमध्ये हवेत लटकतात आणि सुकतात. ट्रे पाच सेंटीमीटर खोल पुरतो, त्याहून खोल ट्रेमध्ये तळाशी ओल राहते. जुनं पान वाळेपर्यंत खत अजिबात नाही. नंतर द्रवखत, डब्यावरच्या प्रमाणाच्या पाव भाग, महिन्यातून एकदा.

उजेड भरपूर, पण सुरुवातीला थेट ऊन नको. रोझेट एक सेंटीमीटरचं झालं की सकाळचं तासभर ऊन, मग दर आठवड्याला थोडं वाढवत न्यायचं. रोप लांबुडकं होऊन पानांमध्ये अंतर पडायला लागलं तर उजेड कमी आहे. लांबलेलं खोड पुन्हा आखूड होत नाही. रोझेट दोन सेंटीमीटरचं झालं की ५ ते ६ सेंटीमीटरच्या कुंडीत हलवा. उचलताना पानांना बोटं लावू नका. पानांवरची पांढरी पावडर संरक्षक मेणाची असते आणि पुसली गेली की त्या पानावर परत येत नाही.

मोठ्या, झालरीच्या पानांच्या गिब्बिफ्लोरा गटातल्या संकरांची खोडावरची पानं क्वचितच रोप देतात, हे आधीच सांगायला हवं होतं. त्यांच्या फुलाच्या दांड्यावर जी छोटी जाड पानं असतात ती काढून बघा, ती जास्त दाद देतात. नाहीतर शेंडा कापा. रोझेटखाली दोन-अडीच सेंटीमीटर खोड ठेवून कापायचं, शेंडा आठवडाभर सुकवून लावायचा आणि खालच्या खुंटावर तीन-चार पानं राहू द्यायची. खुंटावर दीड-दोन महिन्यांत पिल्लं दिसतात. एकाच जातीची दोन-चार रोपं लवकर हवी असतील तर मी हाच मार्ग धरते. पांढरे-पिवळे पट्टे असलेल्या जातींनाही हाच बरा, कारण पानापासून आलेली पिल्लं बऱ्याचदा साधी हिरवी निघतात.

पिठ्या ढेकूण जुन्या पानाच्या आणि कोंबाच्या बेचक्यात लपतो. कापसासारखं पांढरं दिसलं की ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या कापसाच्या काडीने टिपून घ्या, आणि ते पान दोन आठवडे वेगळं ठेवा.

प्रत्येक पानाशेजारी जातीचं नाव आणि तारीख लिहिलेली पट्टी खोचा. बारीक रोझेट सगळी सारखीच दिसतात, आणि तारीख नसेल तर चार महिने झाले की दीडच, हे कळत नाही. मग ज्या पानाला नुसता वेळ द्यायचा होता त्याचीच मुळं कापली जातात.