चांदमारीच्या बांधात चुना ओतू नका

उत्तर गोव्यातल्या एका सड्यावरची, म्हणजे जांभ्या दगडाच्या पठारावरची, जुनी चांदमारी, गोळीबाराच्या सरावाची जागा. डिसेंबर १९६१ पर्यंत पोर्तुगीज शिपायांची, नंतर आपल्या जवानांची. गोळ्या अडवायला रचलेला मातीचा उंच बांध अजून उभा होता आणि जागा मैदानासाठी मोकळी करायची ठरली होती. बांधावरचं पावसाचं पाणी व्हाळाला, म्हणजे ओढ्याला, मिळतं आणि व्हाळ खालच्या कुळागरातून, माड-पोफळीच्या बागेतून, जातो. मे संपत आला होता, आभाळ भरून येत होतं आणि बांधाशेजारी कळीच्या चुन्याच्या गोणींनी भरलेला ट्रक उभा होता. चुना मिसळला की गोळ्यांतलं शिसं पाण्यात न जाता मातीतच अडकेल, हा ठेकेदाराचा बेत. त्याच्या हातातल्या प्रयोगशाळेच्या अहवालातही चुन्यानंतर पाण्यात सुटणारं शिसं कमी झालेलं दिसत होतं. तरीही तो ट्रक आम्ही परत पाठवला.

अशा जागी फावडं लावण्याआधी बॉम्बशोधक पथकाची तपासणी हवीच. रायफलींची चांदमारी म्हणून नोंद असली तरी तिथे ग्रेनेड कधीच फेकले नाहीत, असं गृहीत धरायचं नाही. जांभ्यात अडचण अशी की त्यातलं चुंबकीय लोह धातू शोधणाऱ्या डिटेक्टरला सतत वाजवतं. यंत्र त्याच सड्यावरच्या पण चांदमारीबाहेरच्या मातीवर जुळवून घ्यावं लागतं. आवाज कमी करायला संवेदनशीलता उतरवली, तर खोलवरची वस्तू निसटते. म्हणून १५ सेंटिमीटरचा थर काढायचा, पुन्हा फिरवायचं, मग पुढचा थर.

गोळ्या बांधात सारख्या पसरलेल्या नसतात. प्रत्येक निशाणामागे त्यांचा एक कप्पा तयार होतो. सापडलेल्या गोळीचा बुडाकडचा व्यास व्हर्नियरने मोजला की काळ बराचसा कळतो: ८.२ मिलिमीटर म्हणजे पोर्तुगिजांची ७.९२ ची माउझर रायफल, ७.९ म्हणजे आपली .३०३ रायफल (नावातला आकडा म्हणजे गोळीचा व्यास नव्हे). फार गंजलेल्या गोळीवर मात्र विसंबू नये. जुन्या गोळ्यांवर शिशाच्या कार्बोनेटचा पांढरा थर चढलेला असतो. हात लावताच सुटणारी ती पांढरी पूड हेच पाण्यात जाणारं शिसं, म्हणून हातमोज्यांशिवाय एकही गोळी उचलायची नाही.

नमुना एका जागेचा घेतला तर आकडा खोटाच येतो. शिशाचा एक कण चिमटीत आला की आकडा आभाळाला भिडतो, नाही आला की माती स्वच्छ दिसते. एका पट्ट्यातून किमान ३० ठिकाणची थोडी थोडी माती एकत्र करायची, वाळवायची, २ मिलिमीटरच्या चाळणीतून काढायची. हातातलं एक्सआरएफ यंत्र, म्हणजे क्ष-किरणांनी मूलद्रव्यं ओळखणारं यंत्र, जागेवर झटपट आकडा देतं, पण ओल्या मातीवर तो कमी येतो, आणि शिसं भरपूर असलं की आर्सेनिकच्या आकड्यावर भरवसा ठेवता येत नाही, कारण दोघांच्या क्ष-किरणांच्या मुख्य रेषा जवळजवळ एकाच जागी येतात.

आता मूळ मुद्दा. गोळीतलं शिसं कठीण व्हावं म्हणून त्यात काही टक्के अँटिमनी हे दुसरं विषारी मूलद्रव्य मिसळलेलं असतं. या दोघांचा स्वभाव उलटा आहे. शिसं आम्ल पाण्यात सुटतं. अँटिमनी ऑक्सिजनशी जुळून ऋणभारित रूपात फिरतं आणि ते माती अल्कधर्मी झाली की सुटतं. जांभ्याची माती मुळात आम्ल आणि लोहाच्या ऑक्साइडांनी भरलेली. आम्ल स्थितीत त्या लोहकणांवर धनभार असतो, म्हणून अँटिमनी त्यांना चिकटून राहतं. कळीच्या चुन्याने पीएच (आम्ल-अल्कतेचं माप; ७ च्या वर अल्कधर्मी) १२ कडे गेला की हा भार उलटतो आणि वर्षानुवर्षं धरून ठेवलेलं अँटिमनी मोकळं होतं. त्यातून चुन्याची मात्रा जास्त झाली तर त्या पीएचला शिसंही पुन्हा विरघळायला लागतं.

ठेकेदाराच्या अहवालात हे दिसलं नव्हतं, कारण तपासणीच्या यादीत फक्त शिसं होतं. आम्ही आदल्या आठवड्यात चार बाटल्या लावल्या होत्या. प्रत्येकीत १०० ग्रॅम माती, १ लिटर शुद्ध पाणी, २४ तास हलवणं: एक साधी, एक चुन्याची, एक फॉस्फेटची, एक फेरिक सल्फेट या लोहाच्या क्षाराची आणि थोड्या चुनखडीच्या पुडीची. पाणी आधी ०.४५ मायक्रॉनच्या कागदातून गाळायचं, मग नायट्रिक आम्ल घालायचं. क्रम उलटला तर मातीच्या कणांवरचं शिसंही विरघळलेलं म्हणून मोजलं जातं. निकाल ट्रक आला त्याच सकाळी आले. चुन्याच्या बाटलीतल्या पाण्यात शिसं कमी झालं होतं, अँटिमनी साध्या बाटलीच्या कित्येक पट होतं आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या पिण्याच्या पाण्यासाठीच्या लिटरमागे २० मायक्रोग्रॅमच्या मर्यादेपलीकडे गेलं होतं. फॉस्फेटनेही शिसं धरलं, पण लोहावरची जागा बळकावून अँटिमनी हुसकावलं. दोन्ही धरून ठेवलं ते चौथ्या बाटलीने, पीएच ६ च्या आसपास.

कुळागराचे मालक तिथेच होते. “साहेब, चुना तर आम्ही माडांनाही घालतो, त्यात विष कसलं?” त्यांचा प्रश्न रास्त होता. चुना विषारी नाही, पण ज्या मातीत अँटिमनी मुरलं आहे तिथे तो त्याला वाट करून देतो, एवढं त्यांना निकाल दाखवून सांगितलं.

मग बांधातले गोळ्यांचे कप्पे उपसले. माती कोरडी चाळली की शिशाची धूळ उडते, म्हणून तुषार मारत चाळायची, बारीक धूळ अडवणारा पी१०० मास्क लावायचा, कामाच्या जागी विडी-चहा बंद, कपडे तिथेच उतरवायचे आणि मजुरांच्या रक्तातलं शिसं कामाआधी व नंतर तपासायचं. जांभ्याचे गोल खडे नेमके गोळीच्या मापाचे, चाळणीत दोन्ही एकत्र अडकतात. त्यांना वेगळं करतं वजन: शिशाची घनता ११.३, खड्यांची ३ च्या आसपास, त्यामुळे हलत्या पाण्याच्या जाळीवर गोळ्या खाली बसतात. ते पाणी व्हाळात सोडायचं नाही, टाकीत निवळवून पुन्हा वापरायचं. शिसं पुनर्वापराला जातं. उरलेल्या बारीक मातीच्या निक्षालन चाचणीत (मातीतून द्रवात किती सुटतं ते पाहणारी चाचणी) शिसं लिटरमागे ५ मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त आलं, तर ती घातक कचरा ठरते आणि अधिकृत प्रक्रिया केंद्रातच पाठवावी लागते. या मर्यादेच्या आत आलेल्या मातीत चौथ्या बाटलीचं मिश्रण घातलं.

पाऊस लागायच्या आत उतारावर ताडपत्री, पायथ्याशी गाळ अडवणारा खड्डा आणि वाळ्याच्या दाट ओळी एवढं झालं. व्हाळाचा नमुना पहिल्या जोरदार सरीत, पाणी गढूळ असतानाच घ्यायचा. चार दिवसांनी निवळलेलं पाणी तपासून काही कळत नाही. आणि प्रयोगशाळेच्या अर्जावर शिशाखाली अँटिमनी स्वतःच्या हाताने लिहायचं.