तुम्ही विचारलंत म्हणून: स्क्रीन प्रिंटिंग सोडून इंकजेट मशीन का घेतलं?

बोर्ड छापण्याच्या धंद्यातली माणसं हा प्रश्न विचारतात तेव्हा सूर असतो ‘शेवटी तुम्हीसुद्धा?’ बाहेरच्यांचा सूर वेगळा: ‘आता बरंय, बटण दाबलं की झालं.’ दोघांनाही हसून वेळ मारून नेत आलोय. आज नीट सांगतो.

हिशेब सरळ होता. स्क्रीनमध्ये, म्हणजे जाळीतून शाई दाबून छापण्यात, मारते ती पहिली प्रत. प्रत्येक रंगाला वेगळं पॉझिटिव्ह (चित्राची फिल्म), वेगळी जाळीची फ्रेम, तिच्यावर उजेडाने घट्ट होणारं इमल्शन, एक्स्पोजर, धुलाई, मग रजिस्ट्रेशनची, म्हणजे रंगावर रंग नेमका बसवण्याची झटापट. हजार प्रती असल्या की हा खर्च कुठल्या कुठे विरतो. पण हजाराची कामं येईनाशी झाली. यायला लागलं ते असं: पाच बोर्ड, प्रत्येकावर वेगळं नाव, मागे फोटो, आणि उद्या सकाळी हवेत. इंकजेटला पहिली प्रत काय नि शंभरावी काय, खर्च तोच. यात निष्ठा वगैरे आणू नका.

आणि बटणाचं म्हणाल, तर सकाळी नोझल चेक, म्हणजे शाईची सगळी भोकं चालू आहेत का ते दाखवणारा नमुना, काढून बघा. एक बारीक रेघ तुटलेली दिसली की शाई फवारणारं हेड साफ करा, पुन्हा काढा. नाही केलं तर अख्ख्या प्रिंटवर पट्टे. व्हिनाइलची, म्हणजे छापायच्या प्लास्टिकची, कड जराशी उचलली तर हेडला घासते, आणि हेडची किंमत ऐकून भलेभले खाली बसतात. पांढऱ्या शाईतलं टायटॅनियम डायऑक्साइड जड, हलवत राहिलं नाही तर तळाशी बसतं. सॉल्व्हंट शाईचं प्रिंट किमान 24 तास मोकळं सुकवल्याशिवाय लॅमिनेट केलं तर कडा वळतात. असो.

पूर्वी मीच म्हणायचो, इंकजेट ही छपाई नव्हे, फवारणी. त्या माणसाला आज चार शब्द सुनवावेसे वाटतात. पण मग मला ते केशरी आठवतं.

जुनं गिऱ्हाईक. त्यांचा बोर्ड आम्ही स्क्रीनवर केलेला, केशरी हाताने मिसळलेलं, एकाच रंगाचा जाड थर. नवे बोर्ड थोडेच हवे होते, म्हणून मशीनवर घेतले. केशरीच्या वेगवेगळ्या छटांच्या चौकोनांचा तक्ता छापला आणि जुना बोर्ड शेजारी ठेवून जुळवायला बसलो. ट्यूबलाइटखाली एक चौकोन तंतोतंत जुळला. तोच उन्हात नेला तर विटकरी दिसायला लागला. उन्हात जुळणारा शोधला, तो आत आणल्यावर पिवळट. जुन्या थरात आमच्या डब्यांतलं पिवळं आणि तांबडं एकजीव मिसळलेलं होतं. मशीन मात्र आपल्या वेगळ्याच शायांतून, पिवळ्यावर मॅजेंटाचे (गडद गुलाबी) थेंब टाकून केशरी उभं करतं. एका उजेडात दोन्ही सारखे दिसतात, उजेड बदलला की फुटतात. त्यातून ते केशरी इतकं तेज, की मशीनच्या निळसर, मॅजेंटा, पिवळी, काळी या 4 शायांच्या आवाक्यातच नव्हतं. जादा केशरी शाई असलेली मशीनं असतात. माझं नाही.

हे सगळं मी त्या गिऱ्हाइकाच्या मालकांना समजावलं. रंगाचं प्रोफाइल, फाइलचं थेंबांत रूपांतर करणारं रिप सॉफ्टवेअर, काय काय बोललो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, “ते ठीक आहे हो, पण हा आमचा रंग नाही.”

त्यावर उत्तर नव्हतं. रात्री स्क्रीनच्या शाईचे डबे उघडले, पिवळ्यात तांबडं थेंबाथेंबाने सोडत गेलो, बोटाने पुसून, सुकवून बघितलं. ओली शाई फसवते, सुकल्यावर कळतं. फ्रेम लावली, स्क्वीजी (शाई दाबायची रबरी पट्टी) ओढली, जाळी मागून सुटत आल्याचा तो चर्रर्र आवाज आला, आणि केशरी पहिल्याच ओढीत बसलं. ऊन, ट्यूब, कुठेही न्या.

आता म्हणाल, मग स्क्रीनच श्रेष्ठ. थांबा. त्याच मालकांनी पुढच्या कामाला सांगितलं, “रंग स्क्रीनचा द्या, भाव डिजिटलचा लावा.” त्या भावात फ्रेमसुद्धा निघत नाही. शिवाय त्यांच्याच बोर्डावरचा फोटो मी स्क्रीनवर केला असता तर हाफटोनचे (फोटोच्या छटा दाखवणारे) ठिपके आणि जाळी यांच्या भांडणात मॉरे, म्हणजे नको असलेली लहरींची नक्षी, पडू नये म्हणून कोन बदलत बसलो असतो. मशीनने तो जेवणाच्या सुट्टीत काढून दिला.

तेव्हा का घेतलं, तर पोटासाठी. बरं केलं का, हे कामागणिक बदलतं.

यानंतर हमखास येणारा प्रश्न: मग ते जुनं स्क्रीन छपाईचं टेबल विकत का नाही? विकायला काढलंय. दोघे-तिघे बघूनही गेले. मी भाव अवाच्या सवा सांगतो असं घरचे म्हणतात. मला तो रास्त वाटतो.