ट्रॉली अपडेट: घाट नाही, वारा डिझेल पितोय

गाडीमागे जोडलेल्या आपल्या पेटीच्या ट्रॉलीची धनुष्कोडीच्या प्रवासाआधीची चाचणी, म्हणजे सातारा ते चित्रदुर्ग आणि परत, उरकली. ट्रॉलीच्या दिव्यांना वीज देणारं सात पिनांचं सॉकेट एकदाही रुसलं नाही, नवीन बेअरिंगं गप्प आहेत. कराडजवळच्या उसाच्या काट्यावर ट्रॉली सामानासकट ६८० किलो भरली. नाकाचा भार, म्हणजे ट्रॉलीचं पुढचं टोक गाडीच्या हुकावर टाकतं ते वजन, घरच्या वजनकाट्यावर लाकडी ठोकळा ठेवून मोजला, ७० च्या आतबाहेर. म्हणजे दहा टक्के, हवा तेवढाच. काट्यावरचा माणूस पेटीभोवती एक फेरी मारून म्हणाला, "पावणं, ह्यात ऊस किती बसतो?" चाकं लावल्यापासूनचं सगळ्यात मनापासूनचं कौतुक.

डिझेलच्या थांब्यांचा तक्ता मात्र पार झोपला.

हिशेब तुम्हाला माहीत आहेच: टाकी ६० लिटर, १२ रिझर्व्ह, उरलेल्या ४८ वर लिटरला साडेआठ किलोमीटरचं अ‍ॅव्हरेज, म्हणजे चारशे किलोमीटर बिनघोर. साताऱ्याहून फुल करून निघालो, बेळगावात परत फुल केली. तवंदी आणि वंटमुरीचे चढ धरूनही ८.६ पडलं. मी खूश. पुढे बेळगाव ते चित्रदुर्ग ३०५ किलोमीटर, त्याला ३६ लिटर पुरायला हवे होते. लागले ४५. म्हणजे ६.८!

पहिला संशय पंपावर. पंपावर पाच लिटरचं प्रमाणित माप असतं आणि गिऱ्हाइकाने मागितलं तर मोजून दाखवावं लागतं. मागितलं. पोराने तोंड वाकडं केलं, पण माप आणलं. डिझेल बरोबर रेघेवर. मग ट्रॉलीची चाकं. हबला हात लावला तर दोन्हीकडे सारखाच कोमट, म्हणजे काही घासत नाही. टायरची हवा ठीक, एसी बंदच होता, वेग सत्तरच्या वर गेलेला नाही.

उत्तर डोंगरावर उभं होतं. चित्रदुर्गच्या पवनचक्क्या सगळ्या पूर्वेकडे तोंड करून जोरात फिरत होत्या. आपण साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या पवनचक्क्या बघितलेली माणसं, पवनचक्की म्हटलं की पावसाळ्यातला पश्चिमेचा वारा एवढंच डोक्यात. हिवाळ्यात तिकडे वारा पूर्वेकडून येतो आणि हुबळीनंतर रस्ता आग्नेयेला जातो. म्हणजे दिवसभर डाव्या अंगाने, समोरून तिरपा मारा. पेटीचं सपाट कपाळ गाडीच्या टपापेक्षा हातभर उंच, त्यावर तो सरळ आदळतो.

आकडे मांडले तेव्हा डोळे उघडले. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. गाडी सत्तरने चालली आहे आणि समोरून ताशी २० चा वारा आहे, तर हवेच्या लेखी तुम्ही नव्वदने चालला आहात. विरोध दीडपटीहून जास्त, साधारण १.६५ पट. आणि घाट? गाडी आणि ट्रॉली मिळून २७०० किलो धरा, ३०० मीटर चढवायला ढोबळमानाने पाऊण लिटर डिझेल. बस्स. आपण घाटांची नावं मोजत बसतो आणि सपाट रस्त्यावर वारा नऊ लिटर जास्तीचे घेऊन जातो. येताना तोच टप्पा ८.९ ने आला, त्यामुळे आता शंका उरली नाही.

त्यामुळे तक्ता नव्याने. वाऱ्याच्या टप्प्यात ४८ लिटरवर ३२५ किलोमीटरच धरायचे आणि अडीचशेला पंप शोधायला लागायचं. जेरीकॅन सुचवणाऱ्यांना आधीच सांगतो: वीस लिटर डिझेल ट्रॉलीच्या नाकावरच्या छोट्या सामानपेटीत ठेवलं की कॅन वगळूनच सोळा-सतरा किलो वाढतात, जमवलेला भार बिघडतो. नको. कोगनोळीला कर्नाटकाची हद्द ओलांडून स्वस्त डिझेल भरायची जुनी सवयही सोडा. कर्नाटकाने जून २०२४ मध्ये आणि पुन्हा एप्रिल २०२५ मध्ये कर वाढवला, आता त्या दोन पैशांसाठी थांबा हलवण्यात अर्थ नाही. त्यापेक्षा एका बाजूने शिरून रिव्हर्स न घेता दुसऱ्या बाजूने बाहेर पडता येईल असा पंप बघा. ट्रकच्या रांगेत जागा ऐसपैस असते, पण तिथलं जाड नोझल आपल्या टाकीच्या तोंडात जात नाही, हे आधी विचारून घ्या.

वारा कापायला पेटीच्या सपाट कपाळावर फायबरचं निमुळतं नाक करायचं ठरत होतं. पण फायबरवाल्याचा दर ऐकला आणि चहा गार झाला. शिवाय नाक लावलं की वजन पुढे येणार. हे लिहिता लिहिताच सुचतंय, ट्रकवाले केबिनवर लावतात तसा वारा वर वळवणारा डिफ्लेक्टर गाडीच्या टपावरच्या कॅरिअरवर का नको? तिरपी प्लायची फळी, कोन बदलता येईल अशी. पेटीच्या कपाळावर लोकरीचे दोरे चिकटवायचे आणि शेजारच्या गाडीतून व्हिडिओ काढायचा. दोरे चापून बसले तर कोन बरोबर, वेडेवाकडे उडाले तर चुकला. खर्च जवळपास शून्य. नाक रद्द, आधी फळी.

दुसरा बदल वेळेचा. जमिनीलगतचा वारा पहाटे मंद असतो, ऊन चढलं की जोर धरतो. तेव्हा मुक्काम हुबळीला, आणि चित्रदुर्गपर्यंतचा टप्पा दहाच्या आत संपवायचा. साताऱ्याहून मात्र उजाडल्यावरच निघणार. गाळप हंगामात कराड-कोल्हापूर पट्ट्यात पहाटे मागे दिवा नसलेल्या उसाच्या ट्रॉल्या असतात, नऊ लिटर वाचवायला त्यांच्यात घुसायचं नाही.

फळीचा व्हिडिओ पुढच्या वेळी टाकतो. तोवर सेलम-करूर-दिंडिगल-मदुराई मार्गावर ट्रॉली घेऊन कोणी गेलं असेल, तर आरपार निघता येणारे पंप कुठे आहेत ते कळवा. गाडी आणि ट्रॉली मिळून साडेआठ मीटर लांबी वळायला हवी.