तुम्ही विचारलंत म्हणून : मुलाखत नावाला

पुण्या-नाशिकहून पाहुणे आले की पिट्सबर्गमध्ये दोन गोष्टी ठरलेल्या. पेन हिल्सच्या व्यंकटेश्वराचं दर्शन, आणि रविवारी दुपारी आमच्या हॉलमध्ये स्टीलर्सची मॅच. अमेरिकन फुटबॉल पाहुण्यांना कळत नाही (मलाही पहिली तीन वर्षं कळला नव्हता), पण तासाभरात प्रश्न येतोच. "अरे, मैदानावर निम्म्याहून जास्त पोरं काळी आहेत. मग बहुतेक टीमांचे कोच गोरे कसे? तुमच्याकडे सगळं मेरिटवर चालतं ना?" मी रूनी नियमाचं नाव काढलं की लगेच पुढचा : "म्हणजे आरक्षणच की!"

दुसऱ्याचं उत्तर सोपं आहे, म्हणून ते आधी. आरक्षणात नोकरीतली जागा राखीव असते. इथे राखीव असते ती मुलाखतीतली खुर्ची. डॅन रूनी म्हणजे आमच्याच स्टीलर्सचे तेव्हाचे मालक. त्यांच्या नावाचा हा नियम एनएफएलमध्ये, म्हणजे इथल्या व्यावसायिक फुटबॉल लीगमध्ये, 2003 साली आला. मुख्य कोच नेमण्याआधी किमान एका अल्पसंख्याक (म्हणजे गोऱ्या नसलेल्या) उमेदवाराला भेटा, एवढंच त्याचं म्हणणं. त्यालाच नेमा असं त्यात कुठेही नाही. त्याच वर्षी डेट्रॉइट लायन्सने तेवढंही केलं नाही आणि त्यांच्या अध्यक्षाला 2 लाख डॉलर दंड बसला. पुढे नियम कडक झाला, एकाचे दोन झाले. नेमणूक मात्र तेव्हाही मालकाच्या मर्जीवर होती, आजही आहे.

आता मेरिट. फ्रिट्झ पोलार्ड हा कृष्णवर्णीय माणूस 1921 साली अ‍ॅक्रनच्या संघाचा कोच होता. त्यानंतरचा कृष्णवर्णीय मुख्य कोच आर्ट शेल, 1989 साली. मधल्या 68 वर्षांत एकालाही जमलं नसतं, हे मानायला फारच भाबडं असावं लागतं.

2002 मध्ये जॉनी कॉक्रन (हो, फुटबॉलपटू ओ. जे. सिम्पसनच्या खून खटल्यातले तेच) आणि सायरस मेहरी या दोन वकिलांनी एक अहवाल काढला. त्यासाठी 15 हंगामांचे आकडे तपासले होते. गोऱ्या कोचांचे हंगामाला सरासरी 8 विजय, कृष्णवर्णीयांचे 9.1. हंगाम तेव्हा 16 सामन्यांचा होता, त्यात एका विजयाचा फरक म्हणजे बाद फेरी की घरचा रस्ता. हे कृष्णवर्णीय कोच होते मात्र हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. संख्या इतकी कमी आणि निकाल सरस, याचा मला लागणारा अर्थ साधा आहे : गोऱ्या उमेदवाराला पन्नास टक्क्यांना प्रवेश होता, यांना नव्वद लागत होते.

नेमण्यापेक्षा काढताना हे जास्त दिसतं. डेट्रॉइटचंच घ्या. जिम कॉल्डवेल या कृष्णवर्णीय कोचने चार हंगामांत 36 सामने जिंकले, 28 हरले. त्या टीमच्या मानाने ही दिवाळीच. शेवटच्या हंगामात 9 विजय, 7 पराभव, आणि हातात नारळ. त्यांच्या जागी आलेल्या गोऱ्या मॅट पॅट्रिशियाने 13 जिंकले, 29 हरले, एक बरोबरीत सोडवला, आणि तरी तो तिसऱ्या हंगामापर्यंत टिकला.

अ‍ॅरिझोनात 2018 साली स्टीव्ह विल्क्स या कृष्णवर्णीय कोचला एकाच हंगामात घरी पाठवलं. 3 विजय, 13 पराभव; वाईटच कामगिरी, त्याबद्दल वाद नाही. पण त्याच्या जागी कोण आलं? क्लिफ किंग्जबरी, गोरा. टेक्सास टेक या कॉलेजच्या टीमने त्याला नुकतंच काढलं होतं, तिथे 35 विजय आणि 40 पराभव अशी जमाखर्चाची वही घेऊन. त्याच्या नेमणुकीची बातमी टीमच्या स्वतःच्या वेबसाइटवर आली, तेव्हा त्याची शॉन मॅकव्हेशी मैत्री आहे हेही त्यात आवर्जून लिहिलं होतं. मॅकव्हे म्हणजे तिशीतच मुख्य कोच झालेला आणि त्या काळात सगळ्यांच्या तोंडी असलेला गोरा तरुण. अमुक साहेबांच्या ओळखीतला आहे, हे आपण दबक्या आवाजात सांगतो. इथे ते बातमीत छापलं.

बातम्यांचं म्हणाल तर मी आता आकडे नंतर वाचतो, विशेषणं आधी. गोरा तरुण कोच 'जीनियस' असतो, 'गुरू' असतो (आपला शब्द असा वापरलेला पाहून दर वेळी गंमत वाटते). कृष्णवर्णीय कोच पोरांना 'सांभाळून घेतो', 'शिस्त लावतो'. डोकं एकाकडे, धाक दुसऱ्याकडे. कृष्णवर्णीय एरिक बिएनिमी कॅन्सस सिटीच्या आक्रमणाचा प्रमुख होता. त्याच्या आधी त्याच खुर्चीत बसलेले डग पीडरसन आणि मॅट नॅगी, दोघेही गोरे, थेट मुख्य कोच झाले. बिएनिमी पाच हंगाम त्या खुर्चीवर होता, दोनदा सुपर बोल (लीगचा अंतिम सामना) जिंकला, टीमामागून टीम मुलाखत देत फिरला. दर जानेवारीत 'सूत्रांच्या' हवाल्याने तेच छापून यायचं : त्याच्या मुलाखती चांगल्या होत नाहीत, डावपेच खरं तर वरचे साहेब आखतात. साहेब पीडरसनच्या वेळीही तेच होते, अँडी रीड. तेव्हा ही शंका कुणाला फारशी छळत नव्हती. 2022 च्या नोव्हेंबरात तर इंडियानापोलिसने टीव्हीवर विश्लेषण करणाऱ्या जेफ सॅटर्डेला हंगामाच्या मध्यावर टीम सोपवली. खेळाडू म्हणून तो मोठाच, पण कोच म्हणून अनुभव शाळेच्या टीमचा. मालकाने पत्रकार परिषदेत हा अननुभवच गुण म्हणून सांगितला. एक सामना जिंकला, सात हरले.

उलट बाजूही सांगतो, नाहीतर पाहुणे मला वकील म्हणतील. टँपा बेने 2002 च्या जानेवारीत कृष्णवर्णीय टोनी डंगीला काढलं आणि फेब्रुवारीत गोऱ्या जॉन ग्रूडनला आणलं. पुढच्याच हंगामात टँपाने सुपर बोल जिंकला. मालकाचा निर्णय फळला, हे मान्य करावंच लागतं. (डंगीनेही 2007 मध्ये इंडियानापोलिसकडून जिंकला, आणि त्या सामन्यात समोरचा कोच लव्ही स्मिथही कृष्णवर्णीय होता.) एका हंगामात घरी गेलेले गोरे कोचही आहेत. आमच्या स्टीलर्सने माईक टॉमलिन या कृष्णवर्णीय कोचला 2007 साली चौतिसाव्या वर्षी नेमलं, आणि 2024 पर्यंतच्या अठरा हंगामांत पराभव विजयांपेक्षा जास्त, असा एकही झाला नाही.

पण मला सगळ्यात जवळचं वाटलं ते ब्रायन फ्लोरेस या कृष्णवर्णीय कोचचं प्रकरण. मायामीला सलग दोन हंगाम विजयाच्या बाजूला ठेवूनही त्याला 2022 च्या जानेवारीत काढलं. न्यूयॉर्क जायंट्सने मुलाखतीला बोलावलं, तारीख 27. तीन दिवस आधी त्याचे जुने साहेब बिल बेलिचिक यांचा फोनवर मेसेज, अभिनंदनाचा. याने विचारलं, तुम्हाला ब्रायन फ्लोरेस म्हणायचंय की ब्रायन डेबोल? मग दिलगिरी आली : वाचण्यात चूक झाली, नाव डेबोलचं ठरलंय वाटतं. फ्लोरेस तरीही मुलाखतीला गेला. नोकरी डेबोलला, म्हणजे गोऱ्या उमेदवाराला, मिळाली आणि 1 फेब्रुवारीला फ्लोरेसने लीगवर खटला भरला. निवड प्रामाणिकपणे केली, असं जायंट्सचं म्हणणं.

हे मी माझ्या ताईला फोनवर सांगितलं. तीस वर्षांपूर्वी ती एका कॉलेजात लेक्चररच्या मुलाखतीला गेली होती. खळ घातलेली सुती साडी, सर्टिफिकेटांची प्लास्टिकची फाइल. दारातल्या शिपायानेच हळूच सांगितलं, "बाई, जागा भरली आहे, संस्थाचालकांच्या सुनेची आहे." ताई तरी आत गेली. फाइल कुणी उघडली नाही, चहा मात्र दिला.

पाहुण्यांचा शेवटचा प्रश्न नेहमी हाच असतो : माहीत होतं, तर फ्लोरेस गेलाच कशाला? मी ताईलाही विचारलं होतं, तू का गेलीस.

"अरे, एस्टीचे पैसे गेले होते," ती म्हणाली. "आणि त्यांनी मला बघितलं तर पाहिजे होतं."